गळ्याची शपथ

भाऊ गेल्यावर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने माझं कौतुक केलं. रडून झालं, पदराने नाक पुसून झालं, हातात चहाचा कप आला की म्हणायच्या, "तू होतीस म्हनून दोन वर्सं जास्त जगला गो तो. तू शपथ घातली नसतीस तर दर्यानं कवाच नेला असता त्याला." मी मान हलवायचे. मयताच्या घरी वाद घालता येत नाही, आणि मधेच उठून जाता तर अजिबात येत नाही. सतरंजीवर बसून मी पडवीकडे बघत राहायचे. तिथे त्याची लाल प्लास्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीत बसल्या बसल्याच तो गेला. दुपारचा खारा वारा नुकता सुरू झाला होता आणि समोर समुद्र होता. भाऊ जागेवर होता, सुरक्षित होता, मी सांगितलं होतं तसा.

आम्ही वेसाव्याचे कोळी. मी अंधेरीच्या एका बँकेत कॅशियर होते आणि लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणजे सासर लांब पडलं अशी तक्रार मला कधी करता आली नाही. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला मी दादूस म्हणायचे. वेसाव्याहून मढला जी तर, म्हणजे फेरीबोट, जाते, ती तो चालवायचा. मासेमारीत त्याचं मन कधी रमलं नाही, आणि कोळ्याच्या घरात हे बोलून दाखवणं म्हणजे भटाच्या घरात सुरमई तळण्यासारखं. पण त्याला समुद्राचा कंटाळा नव्हता. समुद्रातून काहीतरी काढून आणायचा कंटाळा होता.

मढच्या कुठल्या तरी बंगल्यातून एकदा त्याने ती फळी आणली. लांबलचक पांढरी फळी, वर बसवायची डोलकाठी, जांभळं-पिवळं शीड. बंगल्याच्या मालकाने अडगळ म्हणून ती माळ्याला देऊन टाकली होती, आणि माळ्याने भावाला. फळीवर उभं राहायचं, शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्यावर रेलून जायचं. शिकवायला कोणी नव्हतं. पहिला हंगाम त्याने पाण्यात पडण्यातच काढला. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर येऊन हसायचा. फळीचं नाव 'पाट' पडलं. "होऱ्यांना इंजिनं लागली नि ह्याला शीड सुचलं," असं म्हातारे म्हणायचे. "पाटावर जेवायला बसतात रं, उभं नाय ऱ्हात," असं बायका म्हणायच्या.

पुढच्या वर्षी हसणं थांबलं. तेच म्हातारे जाळी विणता विणता हात थांबवून बघायला लागले. त्यांच्या लहानपणी शिडाच्या होड्या होत्या. वारा शिडात भरतो तेव्हा होणारा आवाज त्यांनी किती वर्षांत ऐकला नव्हता. वाळूवर बोंबील सुकवणाऱ्या बायकांनी तर त्याला घड्याळच करून टाकलं. तरीवरची पाळी संपली की तो फळी घेऊन निघायचा, आणि वारा पडायच्या बेतात आला की त्याचं शीड किनाऱ्याकडे वळायचं. शीड वळलं की बायका बांबूंवरचे बोंबील काढायला उठत. थोड्या वेळाने दमट हवा सुटते आणि माल नरम पडतो. त्याने कॉलेजच्या पोरापोरींना फुकट शिकवलं. ओहोटीच्या ओढीत सापडलेल्यांना फळीवर पोटावर घालून आणलं. आणल्यावर आईवरून अशा शिव्या दिल्या की ती माणसं आयुष्यात परत पाण्यात उतरली नसतील.

आणि मी किनाऱ्यावर बसायचे. सुट्टीच्या दिवशी तर हमखास. आमच्याकडे बाई किनाऱ्यावर वाट बघते ती मासळीची. होडी आली की टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराला पळते. मी थर्मास घेऊन बसायचे आणि माझा माणूस रिकाम्या हाताने, दात वाजवत यायचा. "हिचा भाव नुसता वारा धरून आनतं," असं बायका मला चिडवायच्या. मला ते आवडायचं. तो पडला की शीड पाण्यावर आडवं व्हायचं. मग तो फळीवर चढून दोरी ओढायचा की शीड पुन्हा उभं. ते उभं राहीपर्यंत मी श्वास धरून ठेवायचे. ही सवय मला कधीच मोडता आली नाही.

एका मे महिन्यात शीड आडवं झालं आणि उभं राहिलं नाही.

माझ्या ओरडण्याने जवळची होडी वळली. त्यांनी त्याला बाहेर काढला तेव्हा त्याचा रंग सुक्या बोंबलासारखा झाला होता. हार्ट अटॅक. दवाखाना, नळ्या, झाली सगळी ओढाताण, आणि पावसाळा संपेस्तोवर तो हिंडूफिरू लागला. तरीच्या धक्क्यावर त्याला तिकिटं द्यायला बसवलं. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस जपा, मग बघू. थोडे दिवस म्हणजे किती, हे मी त्यांना विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर दर खेपेला त्याच्याबरोबर गेले तेव्हाही नाही.

नारळी पुनव झाली, दर्या मोकळा झाला, आणि दिवाळीच्या तोंडावर वहिनी माझ्याकडे पळत आली. "वन्सं, ते फळी घासत बसलेत. तुम्हीच काहीतरी करा. बायकोचं ऐकतात का कधी?"

मी केलं. भाऊबीज होती. त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. दरवर्षीसारखं त्याने विचारलं, "बोल बाय, काय घालू ताटात?" मी म्हटलं, "साडी नको, पैसे नको. फळीवर परत जानार नाय, असं बोल." तो हसला. मग मी स्वतःच्या गळ्याला हात लावला. "माझ्या गल्याची शपथ हाय तुना."

त्याचं हसू गेलं. वहिनी दारात उभी होती, तिने डोळे मिटून हात जोडले. ओवाळणीत मागितलेलं भाऊ नाकारू शकत नाही, आणि त्यावर गळ्याची शपथ. मी बरोब्बर कुठे धरायचं तिथे धरलं होतं. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

शपथेचे कायदे आमच्या लहानपणी त्यानेच केले होते. घालणाऱ्याने गळ्याला हात लावायचा. मोडली तर जीव घालणाऱ्याचा जातो, मोडणाऱ्याचा नाही. सोडवायची असेल तर घालणाऱ्याने 'सुटली' म्हणायचं. एकदा मी त्याला शपथ घातली, मी आल्याबिगर जेवायचं नाही, आणि मैत्रिणीकडे खेळायला जाऊन साफ विसरले. दिवेलागणीला आले तर हा झाकलेल्या ताटासमोर बसलेला. आई शिव्या देऊन थकली होती. मी थाप मारली, "मी तिथनंच सुटली बोलले होते." तो म्हणाला, "पाठीमागं बोललेली चालत नाय. तोंडावर बोलायला लागते." मग मी तोंडावर बोलले आणि तो जेवला. असा माणूस. त्याच माणसाला मी पन्नाशी उलटल्यावर शपथ घातली.

त्याने फळी पडवीच्या वाशांना टांगली, शीड गुंडाळून माळ्यावर ठेवलं. चिडला नाही, रुसला नाही. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं, मी भांडणात कधी कमी पडलेले नाही. पण तो नुसता पडवीत बसायला लागला. दुपारचा वारा सुटला की खुर्चीत त्याचं अंग थोडं मागे रेलायचं, हात गुडघ्यांवर मुठी करून. कोणी बोलायला आलं की सरळ व्हायचा.

त्या हिवाळ्यात अवेळी पाऊस आला. वहिनीचे बोंबील बांबूंवर होते, ताडपत्री अपुरी पडली. तो धावत माळ्यावर चढला आणि शीड घेऊन आला. दोघांनी मिळून ते मालावर पसरलं, चारी टोकांना दगड ठेवले. भिजत उभा राहून तो मला म्हणाला, "बग, कामाला आयला." वहिनी हसली, मीही हसले. सात जन्मांत त्या शिडाला बोंबलाचा वास लागला नसता, तो त्या दिवशी लागला. मी तेव्हा 'सुटली' म्हणायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं, पण मला ते आडवं झालेलं शीड आठवलं आणि मी टोकावरचा दगड आणखी घट्ट बसवला. भीती खरी होती माझी. पण त्या भीतीचं ओझं मी त्याच्या खांद्यावर ठेवून स्वतः मोकळी फिरत होते.

पुढच्या भाऊबीजेला त्याने ताटात साडी ठेवली आणि हळूच म्हणाला, "सुटली बोल ना गो." मी म्हटलं, "नाय बोलनार." त्याने परत विचारलं ते होळीनंतर. मी त्यांच्याकडे कोळंबी सोलत बसले होते. वारा छान सुटला होता, त्याने शिकवलेली दोन-तीन पोरं समोर पाण्यात होती. तो म्हणाला, "लांब नाय जात. इथल्या इथं. तू बस समोर." माझे हात बरबटलेले होते, संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मी वर न बघता म्हटलं, "उद्या बघू रे." दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्यानेही निरोप पाठवला नाही. नंतर महिनाही गेला नाही.

त्याच्या जाण्याच्या दिवशी वेसाव्याची एकही होडी सुटली नाही. कोळीवाड्यात मयत झाली की बंद पाळायची रीत आहे, पण पलीकडच्या मढच्या होड्याही थांबल्या. त्याची स्वतःची होडी कधीच नव्हती. धक्क्यावर सगळ्या एकीला एक लागून उभ्या होत्या आणि मी मनात म्हणत होते, ह्याला एकट्याला मी दीड वर्ष असंच बांधून ठेवलं होतं.

त्याने शिकवलेला एक मुलगा तिसऱ्या दिवशी भेटायला आला. आता तो दुसऱ्यांना शिकवतो. माझ्याजवळ बसला आणि मला बरं वाटावं म्हणून सांगायला लागला. "आत्या, आम्ही लई वेळा बोललो त्यांना. सकाळी सकाळी चला, आत्याला कळणार पण नाय. झकास वारा असतो. तर बोलले, नाय रे. फली माझी हाय, पन गला बहिनीचा हाय."

तो मुलगा गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. सगळ्यांना वाटत होतं, मी भावाचा जीव राखला. खरं तर तो माझा जीव राखत त्या खुर्चीत बसून होता.

दहाव्याला मी ठरवून गेले होते. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचं काहीतरी मागे राहिलंय, असं आपल्यात मानतात. मग एकेक जण पुढे होतो, बायकोला सांभाळू, पोरीचं लग्न करू, असा शब्द देतो. मला माहीत होतं, कावळा शिवणार नाही. वहिनीला माहीत होतं, सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं. भटजींनी पिंड ठेवला तसे चार-दोन जणांनी माझ्याकडे बघितलंही. मी हात धुऊन पुढे झाले, शब्द तोंडात तयार होता.

पण लोक नीट मागे सरकलेही नव्हते, मी तो शब्द उच्चारलाही नव्हता. कावळा आला आणि शिवला. परत आला, दुसरा घेऊन आला.

"सुटला," एक म्हातारा म्हणाला. "काय सुदिक मागं नाय ठेवलान पोरानं." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, वहिनीने डोळे पुसले, लोक आंघोळीला निघाले. मी तशीच उभी. त्याचं काही राहिलं नव्हतं, तर मग मी सोडवणार कोणाला होते?

परवा भाऊबीज झाली. ज्या बहिणीला भाऊ नाही, तिने चंद्राला ओवाळायचं असतं. लहानपणी शेजारची एक काकू असं ओवाळायची आणि आम्ही दोघं तिला लपून हसायचो. संध्याकाळी मी ताट घेऊन किनाऱ्यावर गेले. बोंबील काढून झाले होते. बीजेची बारीक कोर समुद्रावर, अगदी खाली, तो शीड घेऊन जायचा त्याच बाजूला होती. वाऱ्याने निरांजन तेवत राहीना. पदराचा आडोसा करून मी कसंबसं ओवाळलं. सवयीने थर्मासही आणला होता, तो वाळूत ठेवला.

मग गळ्याला हात लावून मी म्हटलं, "सुटली, दादूस." कोणी ऐकलं नाही म्हणून मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. जाळी गोळा करणाऱ्या एका बाईने वळून बघितलं आणि मान खाली घातली.

समोर पाणी होतं आणि वारा होता. तो असता तर म्हणाला असता, पाठीमागं बोललेली चालत नाय.