बेसबॉलचाचांचं लॅमिनेशन

बेसबॉलचाचांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नाही. एकदा मी त्यांना फोनवर एक लावून दिला होता. दहा मिनिटं बघून म्हणाले, "हे नुसते थुंकतात आणि टोपी नीट करतात. खेळ कधी चालू होतो?" मग फोन माझ्या हातात देऊन ते ग्लोव्हला खोबरेल तेल चोळायला बसले. स्वतःच्या डोक्याला तेल लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या तपकिरी चामडी ग्लोव्हला मात्र दर शुक्रवारी, नमाज झाल्यावर, न चुकता. कुठल्यातरी अमेरिकन मुलाचा तो ग्लोव्ह. त्याला आता रत्नागिरीच्या आजोळासारखा वास येत असे.

आखातात, बुसैतीनमधल्या आमच्या इमारतीत चाचा तळमजल्यावर एका खोलीत राहायचे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ते रत्नागिरीकडचे, आम्ही पुण्याचे. म्हणजे बाबांच्या मते आम्ही सुसंस्कृत आणि ते वल्ली. तीस वर्षं चाचा एकाच पॅकिंग कंपनीत होते. लोकांची घरं खोक्यांत भरायची आणि जहाजावर चढवायची, हे त्यांचं काम. अमेरिकन कुटुंबांची बदली झाली की जनाबियातले व्हिला रिकामे व्हायचे, आणि जे खोक्यांत मावत नसे ते दाराबाहेर ठेवलं जायचं. त्यातून इतर कामगार मायक्रोवेव्ह उचलत, पंखे उचलत, एकाने तर आख्खा सोफा उचलला होता. चाचा उचलत बॉल, बॅटी, हेल्मेटं, कॅचरच्या तोंडावरची जाळी, आणि खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं. त्यांच्या खोलीत पाहुण्याला बसायला खुर्ची नव्हती, पण बॅटींना स्टँड होता. इमारतीतले मराठी लोक त्यांच्याशी अदबीने बोलायचे आणि ते वळले की हसायचे. आमच्या घरचे ते वळायची वाट पाहत नसत.

"हेच का जमवता?" असं मी एकदा विचारलं होतं. माझ्यासाठी हा तीन शब्दांचा प्रश्न म्हणजे मोठं भाषण होतं. चाचा म्हणाले, "टाकताना बघवत नाय गो. पोरगा ग्लोव्ह धरून उभा असतो आणि त्याची आई बोलते, नो स्पेस. पोरगा रडतो. मग मी उचलतो. पोराला वाटतं, कोणाकडे तरी गेला." प्रत्येक वस्तूचं घर त्यांना पाठ होतं. हा बॉल निळ्या दाराच्या व्हिलातला. ही बॅट जुळ्यांची, झल्लाकला समुद्रावर नेऊन दोघं तिने वाळू खणायचे. ते हेल्मेट एका बाईचं, ती स्वतः खेळायची, "आणि नवरा स्वयंपाक करायचा. चांगला माणूस." बॉलवर सही असली तर चाचा ती मोठ्या कौतुकाने दाखवत. सही कुणाची, हे विचारायचं नसे. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्याकडे जायची ती डबा घेऊन. शुक्रवारी आई आमटी किंवा भरली वांगी पाठवायची, आणि परत येताना त्याच डब्यात तळलेली सुरमई यायची. बाबांचा चाचांबद्दलचा आदर आठवड्यातून तेवढा वेळ टिकायचा. पहिल्या दिवशी मी "हिअर, अंकल" म्हणून डबा पुढे केला. चाचांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. "अंकल कोण हाय इथे? मी चाचा. परत बोल." मी इंग्रजी शाळेतली, मराठी कळायची, पण बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. चाचा निघून जात नसत. डबा हातात धरून उभे राहत. सुरमई हवी असेल तर वाक्य पूर्ण करणं भाग होतं.

मग त्यांनी मला कामाला लावलं. कार्डांच्या मागे बारीक अक्षरात खेळाडूची कुंडली असते: उंची, वजन, कुठल्या हाताने फेकतो, किती सामने, किती धावा. चाचांना ते वाचायला चष्मा पुरत नव्हता. मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. अमेरिकेतल्या शेकडो अनोळखी पुरुषांची वजनं मी अशा प्रकारे मराठीत शिकले. शाळेत याचा काहीच उपयोग झाला नाही. पण 'उजव्या हाताने' की 'उजव्या हातानी' यावर चाचांशी वाद घालण्याइतकी मी पुढे गेले होते, आणि वाद घालणारी मी आमच्या घरात कुणी कधी पाहिलेली नव्हती.

काही कार्डांवर 'एरर' असा एक रकाना असायचा. म्हणजे क्षेत्ररक्षण करताना खेळाडूने किती चुका केल्या, त्याचा आकडा. हे मी सांगितलं तेव्हा चाचांनी तेलाचे हात थांबवले. "चुका मोजतात? आणि फोटोच्या मागे छापतात?" मी हो म्हटलं. "आणि तरी पोरं ते कार्ड उशाला घेऊन झोपतात?" त्या दिवसापासून बेसबॉल हा जगातला सर्वांत इमानदार खेळ आहे असं त्यांनी जाहीर केलं. नियम मात्र एकही शिकले नाहीत.

आता प्लास्टिकबद्दल. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक दहा वर्षं न काढणारा एक माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. चाचा त्याचे गुरू शोभले असते. कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातून त्यांना एक लॅमिनेशनचं यंत्र मिळालं होतं, आणि त्या यंत्रातून न गेलेला कागद ते कागद मानत नसत. निकाहनामा, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, नमाजच्या वेळा, स्वतःच्या आईचा एकुलता एक फोटो, सगळं कडक आणि चकचकीत. "इथल्या दमट हवेत माणूस टिकत नाय, कागद काय टिकणार?" माझ्या आईने मोठ्या विश्वासाने बाबांचं पदवी प्रमाणपत्र त्यांच्याकडे दिलं. पुढे ते एका कार्यालयात नेलं तर तिथल्या माणसाने परत सरकवलं: प्लास्टिकवर शिक्का कुठे मारू? बाबा तीन मजले उतरून भांडायला गेले. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, पण पाण्यात टाका. काय होणार नाय." बाबांना पदवी पाण्यात टाकायची नव्हती, एवढंच.

अर्थात दोनशेच्या वर बेसबॉल कार्डंही त्याच यंत्रातून गेली होती. एक एक करून, कडा समान कापून.

मी बँकेत नोकरीला लागले त्या वर्षी चाचांच्या कंपनीने त्यांचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. वय झालं, खलास. महिन्याभरात कायमचं घरी. रत्नागिरीहून चाचींनी व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितलं, "तुम्ही या. लाकडं आणू नका." मग चाचांना एकच ध्यास लागला: हा सगळा संग्रह एकत्र, एकाच जाणत्या माणसाच्या हातात जावा. पैसे नकोत. फक्त तोडायचा नाही. त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हर मित्राने जनाबियातला एक अमेरिकन शोधून काढला. रॉन त्याचं नाव, आणि घरात म्हणे बेसबॉलच्या वस्तूंनी भरलेली एक खोली होती. शुक्रवारी तो बघायला येणार होता. "तू बोलायचं," चाचा मला म्हणाले. "माझं इंग्रजी कामापुरतं. हे काम नाय."

बोलायचं म्हणजे तयारी हवी, म्हणून मी इंटरनेटवर कार्डांबद्दल वाचायला बसले. पहिल्याच पानावर कळलं की संग्राहक कार्डाचा कोपरा किंचित दुमडला तरी हळहळतात. लॅमिनेट केलेल्या कार्डाबद्दल ते हळहळत नाहीत, त्याला ते मेलेलं धरतात. मूळ कागद प्लास्टिकला कायमचा चिकटतो, सोडवता येत नाही. हे मी रविवारी वाचलं. शुक्रवारपर्यंत चार वेळा तळमजल्यावर गेले. चारही वेळा वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि डबा ठेवून वर आले. चाचा यंत्रातून पाहुण्यासाठी वस्तूंची यादी काढत होते. अर्थात लॅमिनेट करून.

शुक्रवारी रॉन आला. खुर्ची आमच्या घरून आणली होती. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि दोन्ही हातांनी त्यांनी कार्डांचा डबा पुढे केला. "सी, सर. नो वॉटर. नो डस्ट. फिफ्टी इयर गॅरंटी."

रॉनने एक कार्ड उचललं, उलटलं, दुसरं उचललं. मग भराभर पाहत गेला. एका कार्डापाशी थांबून त्याने डोळे मिटले. भला माणूस होता, हसला नाही. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला की ही सगळी कार्डं रुइन्ड आहेत, अगदी एकूण एक, आणि त्याला फार वाईट वाटतं. हे यांना कसं सांगायचं ते तूच बघ.

चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. वाक्य मनात दोनदा म्हणायला वेळ नव्हता.

"ते म्हणतायत," मी म्हटलं, "की इतकं जपून ठेवलेलं त्यांनी आजवर कुठे पाहिलं नाही."

चाचांनी मान डोलावली. मी आयुष्यात बोललेलं ते सर्वांत सफाईदार मराठी वाक्य होतं.

चहा झाला. रॉनने विचारलं, ग्लोव्ह आणि दोन बॅटी तेवढ्या नेऊ का? ग्लोव्हचं चामडं त्याला फार आवडलं होतं, त्याला काय लावता असं त्याने दोनदा विचारलं. हे मी खरं खरं सांगितलं.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं त्यांना नकोय, चाचा."

चाचांनी ग्लोव्ह त्याच्या हातातून अलगद परत घेतला. "सॉरी, सर. दिस फॅमिली. नो सेपरेट. मफी." शेवटचं 'नाही' अरबीत. रॉनने त्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला आणि तो गेला.

चाचा कप विसळायला लागले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "रुइन्ड म्हायतेय मला. तीस वर्षं लोकांच्या कपबश्या भरतोय. फुटल्या की फोन येतो, आणि पहिला शब्द तोच येतो."

मी आमच्या घरची खुर्ची उचलून दाराशी ठेवली.

"मराठी मात्र झकास बोललीस," चाचा म्हणाले आणि कप पालथे घातले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं घर पॅक केलं. तीस वर्षांचं घर एका खोक्यात मावलं, कारण त्यात बेसबॉलशिवाय जवळजवळ काही नव्हतं. प्रत्येक बॉल वेगळ्या कागदात, बॅटी कोपऱ्यात तिरप्या, कार्डं मधोमध. इतकं सुबक खोकं त्यांनी कुठल्या साहेबासाठीही बांधलं नसेल. चाचींनी परवानगी दिली नव्हती, पण त्यांना विचारलंही नव्हतं. "जहाज पोचेपर्यंत राग उतरेल. इंशाल्ला." खोक्यावर मोठ्या अक्षरांत त्यांनी 'फ्रॅजाइल' लिहिलं.

निघायच्या दिवशी लिफ्टपाशी त्यांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यल्ला. वर जा. आमटी करपेल." निरोपाचं भाषण संपलं. टॅक्सी गेल्यावर मी हात उघडून पाहिला.

ते एक कार्ड होतं. पुढे माझा पासपोर्ट फोटो. आईने कुठल्यातरी फॉर्मसाठी काढून घेतलेल्या आठ फोटोंपैकी एक. मागे चाचांच्या ठसठशीत अक्षरात कुंडली. उंची: पाच फूट दोन. हात: उजवा. बोलते: विचारलं तर. सामने: सगळे शुक्रवार. आणि सर्वांत खाली, एरर: १.

ते कार्ड बँकेत माझ्या टेबलावर असतं. विचारणाऱ्याला मी सगळं सांगते, पूर्ण वाक्यात. फक्त शेवटचा आकडा चुकीचा आहे. चाचांना खोटं भाषांतर तेवढं कळलं होतं. रविवारपासून शुक्रवारपर्यंत मी काय गिळून बसले होते, ते त्यांना माहीत नव्हतं. खरा आकडा दोन. तो दुरुस्त करायला मी एकदा पेन घेतलंही होतं. पण चाचांचं लॅमिनेशन आहे. त्यावर शाई धरत नाही.