दुधाची बटणं

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा महायुद्ध चालू होतं. नगरच्या बाजारात कोटाची चांगली बटणं मिळेनाशी झाली होती. भाऊ देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत मास्तर होता. त्याच्या कोटाचं कापड कसंबसं मिळालं, शिंप्यानं कोट शिवलाही सुरेख, पण बटणांविना नुसती काजं. शिंपी म्हणाला, "पत्र्याची बटनं हायेत, लावतो. पण मग नवरदेव बँडवाला दिसंल."

भाऊ तो कोट घेऊन हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा नगरात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. दुधापासून बटणं होतात हे मी कॉलेजात असताना वाचलं होतं, करून मात्र कधी पाहिलं नव्हतं. "मी देते करून," असं मी बोलून गेले आणि भावानं लगेच विश्वास ठेवला.

सासूबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्या मूळच्या कर्जतकडच्या. म्हणाल्या, "दुधाची बटनं? मग उद्या ताकाचं धोतर नेसव त्याला."

तरी साय काढलेलं दूध त्यांनीच मला पातेलंभर दिलं. ते कोमट करून मी त्यात लिंबू पिळलं. दूध फाटलं. चोथा फडक्यात बांधून पिळला, पाण्यानं धुतला, कणकेसारखा मळला आणि लाटून औषधाच्या बाटलीच्या झाकणानं गोल चकत्या पाडल्या. दाभणानं भोकं पाडली, रंगासाठी चहाचं पाणी लावलं. चकत्या ताटात मांडून माळ्यावर वाळत ठेवल्या. काही दिवसांनी त्या इतक्या टणक झाल्या की फरशीवर टाकल्या तर टण्ण वाजायच्या. मी हरखून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट खाली काढलं तर प्रत्येक बटणाची चंद्रकोर झालेली. उंदरांनी पोटभर खाल्लं होतं. सासूबाई हसता हसता खाली बसल्या. "उंदराला कळलं गं, दूध हाय म्हनून. तुलाच न्हाई कळलं."

उरलेला एक तुकडा मी पाण्यात टाकून पाहिला. संध्याकाळपर्यंत तो रबरासारखा मऊ पडला. म्हणजे उंदीर नसते तरी एका धुण्यात कोट उघडा पडला असता.

आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते. रात्री जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फॉर्मलिनमध्ये बुडवून बघ. डॉक्टरांना विचारून थोडं आणतो."

"त्यानं काय होनार?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी अंगणातल्या बाजेकडे बोट दाखवलं. "आई, बाजेला नुसती उभी सुतळी ओढली तर बसणारा खाली जातो ना? आडवी विणली की माणूस पेलतो. दुधातलं प्रथिन म्हणजे उभ्या सुतळ्या. हे औषध त्यांना आडवं बांधतं. मग पाणी आत शिरत नाही आणि उंदराचा दातही लागत नाही."

"मंग आधीच का न्हाई बांधलं?" सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी न मागता दूध पुढे ठेवलं.

या खेपेला वाळलेल्या चकत्या झाकणाच्या बरणीत फॉर्मलिनमध्ये घालून परसात ठेवल्या. झाकण उघडलं की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. चार-सहा दिवसांनी बाहेर काढून पुष्कळ पाण्यानं धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि खादीच्या फडक्यानं घासल्या. हस्तिदंताला चहाचा हात लावावा तसा रंग आला. एक बटण रात्रभर पाण्यात ठेवलं, दगडासारखं राहिलं. दुसरं सासूबाईंनीच मुद्दाम माळ्यावर ठेवलं. सकाळी ते जिथल्या तिथे होतं. त्यांनी ते पदराला पुसलं आणि मला म्हणाल्या, "जमलं बघ पोरी."

शिंप्यानं बटणं लावली, पण मला किंमत विचारली नाही, ती कुठल्या दुकानातली ते विचारलं.

आम्ही आगगाडीनं राहुरीला उतरून बैलगाडीनं लग्नाला गेलो. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वचनं झाली, गाणी झाली, आणि बाहेर मांडवात सासूबाईंनी गुपित फोडलं. मग काय, जो तो येऊन नवरदेवाच्या छातीला हात लावू लागला. नवरीच्या आजीनं तर वाकून बटण हुंगलं.

"दुधाचा वास कुठं येतोय? ह्याला तर दवाखान्याचा येतोय."

माझा भाऊ एरवी लाजाळू. पण त्या दिवशी तो ताठ उभा राहून सांगत होता, "आमच्या ताईनं केलीत." नवरी पदराआड हसत होती. पंगतीत एका म्हाताऱ्या काकांनी मला विचारलं की माझ्या कवळीचा एक दात पडलाय, तेवढा दुधाचा करून देशील का.

तो कोट भावानं कित्येक वर्षं वापरला. पुढे कोपरांवर विरला तेव्हा वहिनीनं बटणं उसवून मुलाच्या सदऱ्यांना लावली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी त्याच वर्षी फॉर्मलिनशिवायची बटणं करायला शिकवली. एकीनं फुलाच्या आकाराचं केलं आणि वाळण्याआधीच वेणीत खोवून घरी गेली.