जिन्याखालचं दुकान फोनवर

मशीनमावशीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. पूर्वी या वेळेला उठून ती कारखान्याची पहिली पाळी गाठायची. कारखाना बंद पडला, सवय तेवढी राहिली. आता ती मागच्या खोलीत फोन घेऊन बसे आणि वेबसाइट बनवी. बनवी म्हणजे काय, एका बोटाने एक अक्षर लिही आणि दोन पुसी.

ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. बटणवाल्याच्या दुकानाबाहेर जो जिना होता, त्याच्याखाली तिचं टेबल, स्टूल आणि एक दिवा. पाटी नव्हतीच. ‘जिन्याखाली जा, मावशी असते,’ एवढाच पत्ता. आता बटणवाल्याने दुकान विकलं होतं आणि नवा मालक जिन्यासकट सगळं पाडणार होता.

“घरी बसून कर की,” बटणवाला म्हणाला. “गिऱ्हाईक कुठे जातंय?”

“गिऱ्हाइकाला माझं घर माहीत आहे का?”

“मग सांग त्यांना.”

“कुणाला सांगू? मशीन बिघडली की माणूस येतं. नीट केली की दोन वर्षं तोंड दाखवत नाही.”

“मग जरा वाईट करत जा.”

मावशीला हसू आलं नाही. वेबसाइटचं त्यानेच सुचवलं. लोक आता रस्त्यात कुणाला विचारत नाहीत, फोनला विचारतात, म्हणाला.

वर राहणाऱ्या मोठ्या नणंदेने दुसराच मार्ग काढला होता. “एका ठेकेदाराला पॅकिंगला बाई हवीय. शर्टाच्या घड्या घालायच्या, खोक्यात भरायच्या. एक तारखेच्या आत कळव.”

“बसून काम आहे का, वन्सं?”

“बसून पगार कोण देतं? उभ्याने.”

मावशीचा गुडघा नाही म्हणत होता. मन त्याहून जोरात नाही म्हणत होतं. मशीनच्या पोटात हात घालून जन्म गेला, आता खोकी भरायची? पण घर तिच्या एकटीच्या हातावर चालत होतं. वेबसाइटवरून गिऱ्हाईक आलं नाही, तर घड्या घालाव्याच लागणार होत्या.

फोनमध्ये भलतं बटण दाबलं की खात्यातले पैसे जातात, असं तिने ऐकलं होतं. त्यामुळे प्रत्येक बटण ती आधी मोठ्याने वाचे आणि मग दाबे. वेबसाइटच्या तयार नमुन्यात एक हसरी बाई कॉफीचा मग धरून बसलेली होती.

“ही कोण बया?” वन्संनी विचारलं.

“निघत नाहीये.”

त्या बयेला घालवण्यात अख्खी सकाळ गेली. तिच्या जागी मावशीने पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या शटलचा, म्हणजे मशीनमधल्या बॉबिनच्या घराचा, फोटो लावला. पहिला हललेला आला. मग कोपर टेबलावर टेकवून, श्वास रोखून, सुईत दोरा ओवावा तसा काढला.

अगदी सुरुवातीला वेबसाइटने तिला विचारलं होतं, ‘सगळ्यांना दाखवायची, की सध्या फक्त तुम्हाला?’ मावशीने क्षणाचाही विचार न करता ‘फक्त मला’ निवडलं. अर्धवट काम तिने उभ्या जन्मात कुणापुढे ठेवलं नव्हतं. मग फोटो, दर, पत्ता यांच्या नादात ती हे साफ विसरली.

सगळं झालं तेव्हा तिने ‘सेव्ह’ दाबलं. आपल्या फोनवर उघडून पाहिलं. छान दिसत होतं. जिना पडला, त्या जागी पत्रे उभे राहिले. तिने तिथल्या राखणदाराला विचारलं आणि पत्र्यावर ऑइल पेंटने वेबसाइटचं नाव काढलं, चिठ्ठीत बघून, एकेक इंग्रजी अक्षर.

मग वाट बघणं सुरू झालं.

फोन वाजेना. तिने वन्संना वरून फोन करायला लावला.

“वाजतोय की,” वन्सं म्हणाल्या. “फोनला काही झालेलं नाही. तुलाच झालंय.”

मग तिला वाटलं, दर जास्त असतील. तिने ते कमी केले. ‘तीस वर्षांचा अनुभव’ हे मिरवल्यासारखं वाटलं, ते काढलं. एक दिवस स्वतःचा फोटोही काढून टाकला. चेहरा बघूनच लोक परत जात असतील. चालती मशीन भीतीपोटी खोलत बसावं, तसं रोज पहाटे काहीतरी खोले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती ठेकेदाराला होकार द्यायला निघाली. वाटेत दप्तरं शिवणारी बाई भेटली, जिन्याखालचं जुनं गिऱ्हाईक.

“मावशी, दुकान उघडणार तरी कधी? माझी मशीन टाके सोडतेय.”

“उघडलंय की. वेबसाइट बघितली नाहीस?”

“बघितली म्हणून तर विचारतेय.”

दप्तरवालीने फोन पुढे केला. पांढरं पान, मधोमध कुलपाचं चित्र, खाली ‘काम चालू आहे’. मावशीने आपला फोन काढला. तिथे शटल लखलखत होतं. दोन्ही फोन शेजारी धरून ती बघत राहिली. मग पहिल्या सकाळी निवडलेलं ‘फक्त मला’ आठवलं.

“आतून कडी लावून वाट बघत बसले होते गं मी.”

“मग काढा की कडी.”

मावशी तिथेच एका पायरीवर बसली. फोनमध्ये ती निवड बदलायची जागा सापडायला बराच वेळ लागला. सापडली, पण बोट पुढे जाईना.

“माझा फोटो नाही, दर चुकलेत,” ती म्हणाली. “आधी नीट करते. मग दाखवते.”

“तोवर मी दप्तरं हाताने शिवू का?”

मावशीने ‘सगळ्यांना’ दाबलं. दप्तरवालीने आपल्या फोनवर पुन्हा उघडलं.

“आलं बाई. शटल आलं.”

ठेकेदाराला मावशीने तिथूनच फोन लावला. चार दिवस थांबाल का, विचारलं. तो म्हणाला, जागा थांबत नसते.

“मग नको,” ती म्हणाली. फोन ठेवला.

“एका दप्तरवालीच्या जोरावर?” घरी आल्यावर वन्संनी विचारलं.

“हो.”

“आणि उद्या?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीने दर नीट केले, अनुभव परत लिहिला, फोटो परत लावला. दप्तरवालीची मशीन आली, तिचे टाके ताळ्यावर आले, मशीन गेली. पुन्हा शांत.

मग एक अनोळखी माणूस खांद्यावर मशीन घेऊन आला. पत्र्यावरचं नाव वाचून, फोनमध्ये पत्ता बघून आला होता. त्याने पुढचं दार वाजवलं. मागच्या खोलीत मावशी आपलीच एक मशीन चालवून तपासत होती. तिला काही ऐकू आलं नाही. तो माघारी वळला.

“अहो मशीनवाले, थांबा,” वरून वन्संनी हाक मारली. “ती बहिरी नाही, कामात आहे. जोरात वाजवा.”

मशीन दुरुस्त झाली, माणूस पैसे देऊन गेला. मावशी मात्र हादरून गेली होती.

“वन्सं, याच्या आधी असे किती परत गेले असतील?”

“एकही नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

“दिवसभर गॅलरीतच असते मी.”

“दिवसभर?”

“मग काय करू? मलाही धाकधूक लागलीय,” वन्सं म्हणाल्या आणि वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकू लागल्या.

दप्तरवालीच्या आणि त्या माणसाच्या पैशांतून मावशीने दाराची बेल आणली. भिंतीच्या कडेकडेने वायर मागच्या खोलीपर्यंत नेली, एकेक खिळा सरळ बसेपर्यंत ठोकला आणि बेल मशीनच्या बरोबर वर लावली. मग आत जाऊन मशीन सुरू केली. बाहेर वन्संनी बटण दाबलं आणि गरजेपेक्षा बराच वेळ दाबून धरलं.

आत मावशीने मशीन थांबवली.