नाब्लाच्या दोरीवरची वाक्यं

आयर्लंडमधल्या कोनेमाराच्या किनाऱ्यावरून इंग्लंडात बर्मिंगहॅमला कामाला गेलेल्या काही मुली तिथे पोचताच बडबड्या होत, काही मुक्या. नाब्ला मुकी झाली. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या बायका तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीची नक्कल करायच्या, म्हणून ती आपली खाली मान घालून बटाटे सोलायची. मागची भिंत दुरुस्त करायला विल्फ नावाचा एक गवंडी आला होता. त्याने तिला विचारलं, "तुझ्या भाषेत भिंतीला काय म्हणतात?" तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीचं विचारलं. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

नाब्लाचे वडील वारले तेव्हा दोघं गावी परतली. घरी फक्त तिची आई. तिला सगळं गाव ममो म्हणायचं, म्हणजे आजी. ममोला इंग्रजी थोडंफार समजायचं, पण तोंडात घ्यायची नाही. विल्फला भिंत, खिडकी, चहा, पाऊस एवढे शब्द येत. त्यांचं वाक्य करायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची.

"बशी दाखवतो, पोट दाखवतो," ममो नाब्लाला म्हणाली. "एवढं तर माझी शेळीही करते."

"शिकेल गं आई."

"कधी? मी गेल्यावर?"

हे नाब्लाला लागलं. एका सोमवारी कपडे वाळत घालता घालता तिला सुचलं. पिठाच्या जुन्या पोत्याचे तुकडे कापून तिने त्यांवर जाड शाईने एकेक शब्द लिहिला आणि विल्फच्या हातात चिमट्यांची टोपली दिली. "लाव दोरीवर. मांजर, दूध, प्यायलं."

आपण म्हणतो, मांजर दूध प्यायलं. इंग्रज म्हणतो, मांजर प्यायलं दूध. आणि नाब्लाच्या गावात आधी प्यायलं, मग मांजर, मग दूध. विल्फने अर्थातच मांजर पहिलं टांगलं.

दारात स्टुलावर बसलेली ममो खो खो हसली. "मांजर येऊन उभं राहिलं बिचारं! काय करायचं ते त्याला कुणी सांगितलंच नाही!"

नाब्लाने भाषांतर करून सांगितलं तेव्हा विल्फही हसला. मग त्याने चिमटे काढले आणि पुन्हा लावले. पुढे मोठं मांजर आलं, काळं मांजर आलं, आणि 'मोठं' 'काळं' हे मांजराच्या मागे लावायचे, पुढे नाही, यावरून आठवडाभर वाद झाले. समुद्रावरचा वारा असा, की एकदा 'दूध' उडून बार्टलीच्या गोठ्यात जाऊन पडलं. बार्टली वरच्या वाडीचा, जिभेचा तिखट. कुंपणावरून फडकं परत करताना म्हणाला, "नाब्ला, तुझा नवरा शिकेपर्यंत दोरी कुजेल गं!"

"कुजली तर दुसरी बांधेन," नाब्ला म्हणाली.

पण बार्टलीची स्वतःची सून डब्लिनची, इंग्रजीतच वाढलेली होती, आणि घरात जेवताना तीही गप्प असायची. दोन महिन्यांनी त्याच्याही अंगणात फडकी दिसू लागली. मग जर्मनीहून आलेल्या, इथल्या कोळ्याशी लग्न केलेल्या उर्सुलाने आपल्या मडक्यांच्या भट्टीमागे दोरी बांधली. एका घरचा जावई ग्लासगोचा होता, तोही लागला. शाळेतल्या मोनिकाबाईंनी हे सगळं बघितलं आणि जाहीर केलं, की यंदा होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी धक्क्यावर जावई-सुनांचा सामना होईल. वरची वाडी विरुद्ध खालची वाडी. प्रत्येकाच्या छातीवर एक शब्द, आणि शिट्टी वाजली की ओळीत उभं राहून वाक्य करायचं. गावात जन्मलेल्यांनी फक्त बघायचं. शब्द सांगितला तर वाडी बाद.

त्या दिवशी नाब्लाने ताट बाजूला सारलं. विल्फ मात्र बांगडे आणि पाव हाणत होता.

पहिल्या दोन वाक्यांतलं एकेक दोन्ही वाड्यांनी जिंकलं. तिसऱ्याला मोनिकाबाईंनी दोन्ही वाड्यांना सारखेच शब्द वाटले. शॉन, होडी, लाल, विकली. आणि पाचवं फडकं अगदी छोटं: नाही. खालच्या वाडीचं ते विल्फला आलं.

शिट्टी वाजली. उर्सुलाच्या छातीवर 'विकली' होतं. ती धावत जाऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. शॉन तिच्या मागे, त्यामागे होडी, होडीमागे लाल. पलीकडे वरच्या वाडीनेही तेच केलं आणि आपलं 'नाही' शेवटी नेऊन ठेवलं. विल्फ क्षणभर घुटमळला. मग ओळीच्या शेंड्याला गेला आणि उर्सुलाच्या पुढे उभा राहिला.

"मागे हो!" उर्सुला ओरडली. "क्रियापद पहिलं! सगळ्यांना तेच शिकवलंय!"

"पहिलंच. पण 'नाही' त्याच्याही आधी."

"कुणी सांगितलं तुला?"

"सासूने! रोज सकाळी विचारतो, चहा घेतला का. ती म्हणते, नाही घेतला. मासे आणले का? नाही आणले. झोप झाली का? नाही झाली. त्या बाईच्या तोंडून 'नाही' कधी मागून आलेलंच नाही!"

हे सगळं तो आयरिशमध्ये बोलला. मोडकंतोडकं, पण आयरिशमध्ये. धक्क्यावर असा हशा उसळला की शिडं उतरवणारे लोकही थांबले. मोनिकाबाईंनी खालच्या वाडीकडे बोट केलं.

ममो खुर्चीतून उठली. गुडघे धरलेले असूनही उठली. आजवर ती विल्फला 'हा माणूस' म्हणत आली होती. आता तिने शेजारणीचा दंड दाबून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझा जावई आहे तो. विल्फ!" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "आणि झोप झाली होती माझी आज. उगाच काहीतरी सांगू नकोस."

बार्टली टोपी काढून नाब्लापाशी आला. "खेळ तुझा, नाब्ला. गाव तुझं देणं लागतं," एवढंच म्हणाला. इतक्या लोकांसमोर आपल्या भाषेचं नाव असं वर गेलेलं नाब्लाने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि तेही एका बर्मिंगहॅमच्या गवंड्याच्या तोंडून.

पुढच्या हिवाळ्यापासून दर गुरुवारी गावच्या सभागृहात दोरी बांधली जाऊ लागली. नंतर खाडीपलीकडच्या गावाने नाब्लाला बोलावणं पाठवलं, न्यायला होडीही पाठवली. तिथेही बाहेरच्या सुना होत्या, मुकाट जेवणाऱ्या. नाब्लाने निळा कोट घातला. विल्फ चिमट्यांची टोपली मांडीवर घेऊन बसला. होडीवाल्याला नुसतं दोन माणसं आणायला सांगितलं होतं; त्याने विचारलं, "ह्या बाई कोण?"

नाब्लाने तोंड उघडायच्या आत विल्फ सुरू झाला. ही कोण, हिने काय केलं, कशी दोरी बांधली, किती घरं बोलती केली, सगळं आयरिशमध्ये, एका दमात. मधे दोन ठिकाणी चुकला. नाब्ला पाण्याकडे बघत बसली आणि तिने एकही चूक दाखवली नाही.