लोटूभाऊंच्या चाळीस चिठ्ठ्या

सुरतेजवळच्या कडोदऱ्यात लोटू गावितांना लोक दोन कारणांनी ओळखत. एक, कारखान्यात बारा माग एकट्यानं सांभाळणारा कारागीर म्हणून. दुसरं, रविवारच्या मराठी मंडळीचे वडील, म्हणजे उपासना चालवणारे पुढारी, म्हणून. मंडळी म्हणजे नवापूर-साक्रीकडून पोटासाठी सुरतेला आलेली वीस-पंचवीस ख्रिस्ती कुटुंबं. त्यांचं चर्च म्हणजे चहाच्या दुकानावरची भाड्याची खोली. शेजारच्या कारखान्यातले माग रविवारीही खडखडत असायचे, त्यामुळे इथली प्रार्थना थोडी ओरडूनच करावी लागे. मंडळीचे धर्मगुरू काशीराम पाळक महिन्यातून एकदा नवापूरहून यायचे. बाकीचे रविवार लोटूभाऊंचे, आणि ते असे अठरा वर्षं त्यांचेच होते.

आपल्याला हेवा वाटू शकतो हे लोटूभाऊंना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर हेवा वाटावा असं कोणी मंडळीत नव्हतंच. मंडळीतल्या मंगलाबाईंची मुलगी हर्षदा मोठी झाली आणि पंचाईत झाली.

हर्षदाला त्यांनीच शिकवलं होतं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, सहासष्ट पुस्तकांची नावं एका दमात म्हणायला तिला त्यांनीच लावलं, आणि ती नवव्या वर्षी म्हणून मोकळी झाली तेव्हा खिशातून चॉकलेट काढून देणारेही तेच. तेव्हा फार कौतुक होतं. पण पोरगी नुसती पाठ करून थांबेना. 'काका, हे कोण कोणाला म्हणतंय?' हा तिचा नेहमीचा प्रश्न. सतरा वर्षांची असताना तिनं तो भर उपासनेत विचारला. लोटूभाऊ त्यांच्या लाडक्या वचनावर बोलत होते, आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, असं ते वचन. सुरतेला आलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय लागणार? मंडळीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर ते लागलेलं. हर्षदा उभी राहून म्हणाली, "काका, पण हे ईयोबाचा मित्र बिल्दद म्हणतो ना? आणि शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो, तुम्ही चुकीचं बोललात."

खोलीत हशा पिकला. लोटूभाऊही हसले. गुरूची विद्या गुरूला, असंही म्हणाले. घरी जाऊन त्यांनी ईयोबाचं पुस्तक उघडलं, आणि पोरीचं खरं निघालं. त्या दिवसापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

यंदा मार्च महिन्यात काशीराम पाळकांनी त्या दुखण्यावर तिखट टाकलं. त्यांनी महाराष्ट्रातल्या एका बायबल कॉलेजचा फॉर्म आणला. तीन वर्षं तिथंच राहायचं, हिब्रू-ग्रीक या मूळ भाषा शिकायच्या आणि बायबलच्या अभ्यासाची पदवी घेऊन बाहेर पडायचं. बारावी पास हवं, आणि मंडळीच्या वडिलांची शिफारस हवी. "आपल्यातून कोणी जायचं तर हर्षदानंच," असं पाळक सगळ्यांसमोर म्हणाले. लोटूभाऊंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

लोटूभाऊ दहावी. चोवीस वर्षांचे असताना त्या वेळच्या पाळकांनी त्यांनाही अशाच एका शाळेत जायला सांगितलं होतं. तेव्हा बारावीची अट नव्हती. पुढच्या वर्षी जातो, असं ते म्हणाले. खरं तर परीक्षेला बसायची भीती वाटली होती. नापास झालो तर गावात काय तोंड दाखवू, असं. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि मग कोणी विचारलंच नाही. हे त्यांनी कमलवहिनींनाही कधी सांगितलं नव्हतं. आता एकवीस वर्षांची पोर तिथं जाणार, बिल्ददच्या बापाचंही नाव सांगणार आणि सुट्टीत येऊन आपल्या खोलीत आपल्याच लोकांना शिकवणार, हे चित्र मागाच्या खडखडाटातही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. दोनदा धागा तुटला, तरी त्यांना कळलं नाही.

गंमत म्हणजे हर्षदाचंच ठरत नव्हतं. ती साड्यांच्या एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये कॉम्प्युटरवर डिझाइन लावायची. आई म्हणे, मुलीची जात, पदवी घेऊन का पाळक होणारेस? आणि तिचं तिला कळेना की हे देवाचं पाचारण आहे, की आपल्याला नुसती पुस्तकांची हौस आहे. फॉर्म महिनाअखेरी पाठवायचा होता. शेवटी ती लोटूभाऊंकडेच आली.

"काका, रविवारी वचनपेटी उघडाल? मी चिठ्ठी काढते. जे येईल ते."

ही मंडळीची जुनी रीत. वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं पेटीतून एक चिठ्ठी काढायची. तिच्यावर जे वचन असेल ते त्याचं वर्षाचं वचन. मध्येच कोणाला स्थळ आलं, नोकरी बदलायची झाली, तरी पेटी उघडायची. पेटी म्हणजे मिठाईचा पत्र्याचा डबा. चिठ्ठ्या लोटूभाऊच लिहायचे, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

"उघडू की," लोटूभाऊ म्हणाले.

शनिवारी दुपारी कमलवहिनी भाजीला गेल्या होत्या. लोटूभाऊंनी डबा खाली घेतला. आतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून पिशवीत बांधल्या आणि नवा कागद कापला. जिथं जिथं थांबायला, धीर धरायला, वाट पाहायला, होतो तिथंच राहायला सांगितलं आहे ती सगळी वचनं त्यांना पाठ होती. चाळीस चिठ्ठ्या भरल्या. मी खोटं काही लिहिलं का? त्यांनी स्वतःलाच विचारलं. शास्त्रातलंच आहे सगळं. आणि पोरीच्या भल्याचंच आहे. एवढं दोनदा सांगावं लागलं तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं.

रविवारी प्रार्थना झाली. हर्षदा पुढं आली. इतक्यात मागून सोनाबाई काठी टेकत उठल्या. मंगळवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि त्यांची छाती धडधडत होती.

"माले बी एक काढू दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पेटी उघडीच शे ना."

लोटूभाऊ नाही कसं म्हणणार? सोनाबाईंनी चिठ्ठी काढून त्यांच्याच हाती दिली. त्यांनी वाचली. वाट पाहा, धीर धर. सोनाबाई खाली बसल्या. "मंग नको ते ऑपरेशन," त्या शेजारणीला म्हणाल्या.

मग प्रवीण उठला. सुरतेपलीकडच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात त्याला सुपरवायझरची जागा मिळत होती. त्याला निघालं, होतास तिथंच राहा. मग मंगलाबाईंना राहवेना. त्यांनाही थांबायचं निघालं. आणखी दोघींनी हात घातला, त्यांनाही तेच. खोलीत कुजबुज सुरू झाली आणि कोणीतरी मोठ्यानं म्हणालं की परमेश्वर आज सगळ्या मंडळीशीच बोलतोय, कोणी काही हालचाल करू नका. माना डोलल्या. प्रवीणनं तिथंच फोन काढून त्या कारखान्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

लोटूभाऊ मनात म्हणाले, करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तोंड उघडावं तर काय म्हणून?

शेवटी हर्षदानं चिठ्ठी काढली. तिनं ती वाचली, मग बोटानं कागद चोळून पाहिला. वर पाहिलं ते थेट लोटूभाऊंकडे. "थांबायचं आलंय," एवढंच म्हणून ती आईशेजारी जाऊन बसली. मंगलाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

लोटूभाऊ जिंकले होते. त्या रात्री ते कामावर गेले आणि सकाळी येऊन आडवे झाले, पण झोप काही लागली नाही. पोरगी थांबली याचा आनंद होत होता, हे त्यांना स्वतःपाशी नाकारता येईना. आणि सोनाबाईंचा पांढरा पडलेला डोळा समोरून जाईना.

सोमवारी दुपारी हर्षदा आली. कमलवहिनी चहा टाकायला आत गेल्या.

"काका, शाई नवी होती," हर्षदा खाली बसत म्हणाली. "बोटाला लागली. जुन्या चिठ्ठ्या तर पिवळ्या पडल्यात."

लोटूभाऊंनी मान खाली घातली.

"किती लिहिल्या?"

"चाळीस."

"सगळ्या माझ्यासाठी?"

आतून कपबशांचा आवाज थांबला. कमलवहिनी ऐकत होत्या.

"मला राग आला होता," हर्षदा म्हणाली. "रात्रभर होता. मग मी विचार केला. पाळक म्हणाले जा, तेव्हा वाटलं, ते तर सगळ्यांनाच चांगलं म्हणतात. आई म्हणाली नको, ती तर मला कडोदऱ्याबाहेर कुठंच पाठवणार नाही. मला माझं पाचारण कळत नव्हतं, काका. पण मला शास्त्र सगळ्यात जास्त तुम्ही शिकवलंत, आणि तुम्ही बसून चाळीस चिठ्ठ्या लिहिल्यात. माझ्यात काही नसतं तर तुम्ही एवढे कष्ट घेतले असते?"

आपल्याला जे दिसलं होतं ते पोरीला दिसत नव्हतं, आणि ते आपणच तिला दाखवून बसलो, हे लोटूभाऊंच्या ध्यानात आलं. जळफळाट झाला. तोही आता उघडा पडलेला होता.

"आधी सोनाआजीकडे जा," हर्षदा म्हणाली. "उद्या सकाळी तिला दवाखान्यात जायचंय. मग प्रवीणदादाकडे. फॉर्म मी इथं ठेवते."

लोटूभाऊ चप्पल घालून निघाले. सोनाबाई दारातच लसूण सोलत होत्या. त्यांच्यासमोर उकिडवं बसून लोटूभाऊंनी एका दमात सांगून टाकलं की कालच्या चिठ्ठ्या देवाच्या नव्हत्या, त्यांच्या स्वतःच्या मनाच्या होत्या, आणि कशासाठी लिहिल्या तेही.

सोनाबाईंनी चांगल्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "समद्या चिठ्ठ्या तूच लिखस ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "आमले का माहीत नही? पण तू आमनासाठे चांगलं लिखस, आसं वाटे." आणि त्या पुन्हा लसूण सोलू लागल्या. उद्या दवाखान्यात जाते म्हणाल्या.

हे सगळ्यात जास्त लागलं. मग प्रवीणला सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं, पण तो नुसता फोन घेऊन बाहेर गेला आणि त्या कारखान्याच्या माणसाची मनधरणी करत राहिला. जागा राहिली की गेली, ते तेव्हा कळलं नाही.

घरी परत आले तर हर्षदा अजून बसलेली. कमलवहिनींनी चहा पुन्हा गरम केला आणि नवऱ्याकडे न बघता पेन आणून ठेवलं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर चार ओळींची जागा होती. वर छापलं होतं, 'उमेदवाराविषयी मंडळीच्या वडिलांचे मत'. प्रामाणिकपणे लिहावे, अशी खाली सूचना.

लोटूभाऊंनी पेनचं टोपण काढलं. हेवा गेला नव्हता. तो जाईल असंही वाटत नव्हतं. पोरीनं तीन वर्षांनी परत येऊन बोलायला सुरुवात केली की पुन्हा पोटात दुखणार, हे त्यांना आत्ताच माहीत होतं. मग त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं:

'हर्षदा हिला मी लहानपणापासून शिकवले आहे. तिला शास्त्र माझ्यापेक्षा जास्त समजते. मला तिचा हेवा वाटतो. तिला घ्यावे.'