भिवा बघायला बसला की

भिवा गिरणीत बॉयलरवर, मी सुताच्या साच्यावर. परळच्या एकाच चाळीतले आम्ही. चाळीच्या हुतूतू संघाचं मैदान भिवा करायचा. खणायचं, माती चाळायची, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. एक खडा राहिला तरी गुडघा फुटतो. मी संघात खेळायचो, पण एवढे कष्ट आम्हा खेळाडूंतही कुणी घेत नव्हतं.

मात्र भिवा बघायला बसला की आपण हरतो, असं कप्तान रामजीच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

संयुक्त महाराष्ट्र मिळाला, त्या आनंदात आमच्याच चाळीसमोर सामने भरले. आम्ही अंतिम फेरीत गेलो. भिवानं सकाळी मैदान करून दिलं आणि रामजी म्हणाला, "भिवा, आज तू घरात बस."

भिवाचा चेहरा उतरला. या सामन्यासाठी त्यानं पाळी बदलून घेतली होती.

त्याची बायको कमळाबाई धुणं टाकून आली. "रामजीभावजी, नायगावात हरलात तेव्हा हे कुठं होते? गिरणीत."

"वहिनी, ते वेगळं. तिथला पंच वाईट होता."

"आणि हे समोर बसलेले असताना शिवडीवाल्यांना लोळवलंत ते?"

"ती पोरं कच्ची होती."

"छप्पन साली दीक्षा घेतलीत, घरातले देव समुद्रात सोडलेत. पनवती तेवढी ठेवून घेतलीत होय?"

रामजीनं डोकं खाजवलं, पण ऐकलं नाही.

भिवा खोलीत बसला. कमळाबाई गॅलरीत उभी राहून त्याला खेळ सांगत होती.

"आता कोण गेलं?"

"तुमचा रामजी. धरला त्याला."

मध्यंतराला आम्ही बरेच मागे होतो. रामजी धापा टाकत जिना चढला. "भिवा, खाली चल. तू नाहीस म्हणून हरतोय आपण."

कमळाबाई हसून हसून कठड्याला टेकली. भिवा मात्र गंजीवरच धावला आणि रेघेला लागून बसला.

आम्ही जिंकलो. समोरच्यांनी पहिल्या डावातच सगळा जोर लावला होता, नंतर त्यांचे पाय उचलेनात. आम्ही रोज पहाटे दम कमावला होता, तो पुरला. हे मी रामजीला सांगायला गेलो, पण त्यानं भिवाला खांद्यावर घेतलं होतं.

"यापुढे ताप असला तरी सामन्याला यायचं. चुकवायचं नाही," तो भिवाला बजावत होता.

वरून भिवा म्हणाला, "आधी यायची बंदी, आता चुकवायची बंदी. ही परवडली."