बर्फात घालून पाठवा

माझ्या थोरल्या भावाला कुत्रा चावला तेव्हा शिमगा तोंडावर आला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही रत्नागिरीच्या बंदरावरची माणसं. भाऊ मासळी भरायचा. भरायचा म्हणजे होड्यांतून उतरलेला माल निवडायचा, खोक्यांत रचायचा आणि मुंबईच्या ट्रकात चढवायचा. मी पोस्टात कारकून होतो. घरात भाऊ, वहिनी आणि मी, एवढीच माणसं. वहिनी बाजारात मासे विकायला बसायची आणि घरी आली की आम्हा दोघांना मनसोक्त शिव्या द्यायची. आमचं बरं चाललं होतं.

कुत्रा काही परका नव्हता. धक्क्यावरच पडून असायचा, भाऊच त्याला बांगड्याची डोकी टाकायचा. त्या दिवशी भावाने रिकामा खोका ओढला, तो झोपलेल्या कुत्र्याच्या पायावर आला आणि कुत्र्याने मनगट धरलं. आता पायावर खोका आल्यावर कोण चावणार नाही? मी चावलो असतो! पण तेवढ्यात कुणीतरी बोंबललं, "पिसाळला, पिसाळला!" झालं. लोक वल्ही घेऊन धावले आणि कुत्र्याचं डोकं फोडून मोकळे झाले. नंतर कोण म्हणे तोंडाला फेस होता, कोण म्हणे कालपासून झिंगल्यासारखा चालत होता. म्हणायला कुणाचं काय जातं? भाऊ मात्र मनगटाला फडकं गुंडाळत एवढंच म्हणाला, "सकाळीच खाल्लंन रे माझ्या हातचं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणाने खळखळून धुतली आणि आमच्यावर डाफरले. "मारलात कशाला? बांधून घातला असतात तर आठ-दहा दिवसांत आपोआप कळलं असतं. कुत्रा जगला की माणूस सुटला." आता मेलेल्याला कुठून बांधणार? मग त्यांनी पोटातली इंजेक्शनं सुरू केली. चौदा घ्यावी लागतील म्हणाले. ती कशी असतात हे त्या काळी सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं, भावाचाही चेहरा उतरला. ते बघून डॉक्टर जरा नरमले. म्हणाले, "एक मार्ग आहे. कुत्र्याचं डोकं मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूत, पेशींच्या आत, बारीक ठिपके दिसतात. मेंदू स्वच्छ निघाला तर इंजेक्शनं मध्येच थांबवता येतील. पण डोकं सडायला नको. बर्फात घालून पाठवा."

हे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. आमच्याइतकं बर्फात घालणं कुणाला कळतं, असं आम्हालाही वाटलं. त्यांनी जास्त काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पोस्टात असलं पार्सल घेत नाहीत, नियम मला तोंडपाठ होते. तेव्हा मासळीच्या ट्रकातून मीच घेऊन जायचं ठरलं. पण डोकं कापून भरणार कोण? कुत्र्याला मारायला वीस जण होते, आता हात लावायला एक नाही. खाटकाकडून सुरी आणली, ती तशीच पडून राहिली. शेवटी भाऊच उठला. "सरा रे. मला चावून झालाय तो. मला आता आणखी काय करणार?" असं म्हणून हसला सुद्धा. वहिनी त्याला नको नको म्हणत होती, मग शिव्या द्यायला लागली, मग पाठ करून रडायला लागली.

मी भावाला हजार वेळा माल भरताना पाहिलं होतं, पण इतक्या निगुतीने कधी नाही. आधी खोक्यात भुसा. त्यावर फोडलेला बर्फ. त्यात मुठीमुठीने जाडं मीठ. हे मीठ आमच्या बंदरावर सगळ्या मालाला मिळत नसे. साध्या मालाला नुसता बर्फ. पण लांबच्या गिऱ्हाइकाचं मोठं पापलेट असलं, की बर्फात मीठ घालायचं. मिठाने बर्फ आणखी गार होतो आणि मासा दगड होऊन मुंबईला पोचतो. भावाने ते डोकं, वल्ह्याच्या घावांनी तडकलेलं, त्या मीठबर्फात मधोमध बसवलं, वरून पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, आणि झाकण ठोकलं. "कशेडी घाटात ट्रक बंद पडला तरी काय होत नाय," तो म्हणाला. खोका इतका घट्ट होता की वाटेत एक थेंब गळला नाही.

प्रयोगशाळेत एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते, पांढरा डगला घातलेले. त्यांनी हातमोजे चढवून झाकण काढलं, डोकं उचललं आणि ते दगडासारखं लागल्यावर थांबले. मग खोक्यातलं पाणी बघितलं, तळाशी न विरघळलेले खडे बघितले.

"मीठ कुणी घातलं?"

"माझ्या भावाने," मी ऐटीत सांगितलं. "त्याचं कामच आहे ते. ज्याला चावलाय तोच."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि मला बसायला सांगितलं. डोकं पिशवीत बांधायचं आणि बर्फ पिशवीच्या बाहेरून लावायचा असतो, म्हणाले. डोकं गार राहायला हवं, गोठायला नको. गोठलं की पेशी फुटतात. आणि इथे तर कवटी तडकलेली, खारट पाणी आत गेलेलं. तरी त्यांनी कवटी उघडली, मेंदूचा हवा तो भाग शोधला, काचेवर घेतला, रंग चढवला, आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मलाही बघू दिलं. मला काय कळणार? गुलाबी चिखल होता नुसता.

"ठिपके नाहीत ना?" मी विचारलं.

"ठिपके असायला पेशी तर हव्यात," ते म्हणाले. "हा मेंदू काही सांगणार नाही."

उंदरांच्या मेंदूत टोचून बघू म्हणाले, पण त्याला आठवडे जातात, आणि नमुना असा असल्यावर उंदीर जगले तरी खात्री देता येत नाही. तोवर इंजेक्शनं चुकवू नका, एकही नाही. मी विचारलं, त्या इंजेक्शनांत असतं तरी काय? त्यांनी हातमोजे काढता काढता सांगितलं. मेंढीच्या मेंदूत तो रोग वाढवायचा, मग मारायचा, आणि त्या मेंदूचीच लस करायची. बहुतेकांना काही होत नाही. पण एखाद्याच्या शरीराला मेंढीचा मेंदू आणि आपला मेंदू यातला फरक कळत नाही, आणि ते आपल्याच नसांवर उठतं. आता परदेशात मेंदूशिवाय, नुसत्या पेशींवर वाढवलेली लस निघाली आहे, ती फार चांगली आहे. "मग ती द्या ना!" मी म्हणालो. ते म्हणाले, "येईल तुमच्याकडेही. वेळ लागेल." असा संताप आला मला! आमच्याकडे काय सगळंच वेळ लागून यायचं असतं?

मी घरी आलो तेव्हा भाऊ पोटावर ओला पंचा टाकून पडला होता. पोट सुजून कडक झालं होतं. त्याने पहिलं काय विचारावं?

"माल कसा पोचला?"

"फस्क्लास पोचला. एक थेंब गळला नाही."

"मी सांगितलं नव्हतं?" तो वहिनीकडे बघून म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. मीठ, कवटी, गुलाबी चिखल. लपवण्यात काय अर्थ होता, इंजेक्शनं का थांबत नाहीत हे त्याने विचारलंच असतं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मग तसं सांगायचं ना त्यांनी. बर्फात घाला म्हणाले, मी घातलं." वहिनीने डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. भावाने तिला गप्प केलं नाही, हे मला नवीन होतं.

इंजेक्शनं चालू राहिली. शेवटची काही उरली असताना एक दिवस त्याला ट्रकाच्या फाळक्यावर चढता येईना. आधी त्याने ते हसण्यावारी नेलं, पायाला मुंग्या आल्यात म्हणाला. दुसऱ्या दिवशी मुंग्या गुडघ्यांपर्यंत होत्या, नंतर पाय नुसते होते, त्याचे असे नव्हतेच. डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली, गुडघ्यावर ठोकलं, इंजेक्शनं थांबवली आणि त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. मला बाहेर नेऊन म्हणाले, "हे लसीमुळे असेल तर आशा आहे. वेळ लागेल, पण पाय परत येतात कित्येकांचे. पण तो रोगही कधीकधी असाच पायांतून वर चढतो. तसं असेल तर मग..." "त्या मेंदूचा काही निकाल असता तर आपल्याला कळलं असतं," एवढं म्हणाले. खिडकी उघडी होती, भाऊ खाटेवरून ऐकत होता.

बंदरावर निकाल लागून गेला होता. लोकांनी ठरवलं, पिसाळला होता. दवाखान्यात भेटायला येणारे दारातूनच हात करायचे. एकाने तर विचारलं, भुंकतो का? मी त्याची गचांडी धरली. वहिनीने सोडवलं.

त्या संध्याकाळी वहिनीने तांब्या भरून आणला. पिसाळलेला माणूस पाण्याला भितो हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. भावाने तांब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग मान उचलून प्यायला लागला. घटाघट प्यायला, छातीवर सांडलं तरी प्यायला, रिकामा तांब्या उलटा धरून दाखवला.

"प्यायला!" वहिनी किंचाळली. "अरे, प्यायला बघ!" ती हसत होती, मला मारत होती. मला त्या दिवशीइतका आनंद आयुष्यात पुन्हा झाला नाही. लसच असणार. पाय परत येणार. डॉक्टरही म्हणाले, चांगली गोष्ट आहे.

भाऊ उताणा पडून छताकडे बघत होता. "म्हणजे कुत्रा शहाणाच होता," तो म्हणाला. "उगाच मारलानी त्याला."

आणि मग त्याला काय सुचलं ते माझ्या लक्षात आलं. कुत्रा शहाणा, तर इंजेक्शनं नको होती. इंजेक्शनं नको होती हे सांगणारा मेंदू त्याने स्वतःच्या हाताने खारवला होता. मी त्याच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला.

पायांतलं ते बळ जाणं कमरेपर्यंत आलं, मग छातीला पोचलं. श्वासाचं यंत्र मुंबईला आहे, तिकडे न्या म्हणाले. गाडीची सोय करेपर्यंत तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता, आम्हाला ओळखत होता.

आम्ही त्याला घरी आणला. अंगणात बांबू टाकले होते, पण अंगणाच्या आत कुणी येईना. सगळे दगडी गडग्यापलीकडे उभे. त्याच्याबरोबर जन्मभर खोके उचललेली माणसं! मी एकट्याने त्याला आंघोळ घातली. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारायला लागली.

"पाणी प्यायलाय तो! तांब्याभर प्यायलाय माझ्या हातून! या, हात लावा त्याला!"

कुणी हललं नाही. एकाने पाऊल टाकलं, बायकोने सदरा ओढला तसं परत घेतलं. वहिनी आत गेली. तो ज्याला तोंड लावून प्यायला होता तोच तांब्या तिने भरून आणला आणि सगळ्यांसमोर उभी राहून घटाघट प्यायली, त्याच्यासारखीच, अंगावर सांडत.

मग दोघे आले. तिसरा मी. तिरडी बांधून आम्ही उचलायला वाकलो, चौथ्या बाजूला कुणी येईना.

वहिनीने पदर कमरेला खोचला आणि खांदा खाली घातला.